का बरं? : ठिणगीचा मुहूर्त

रिद्धपूरहून मोर्शीकडे जाताना संत्र्याच्या बागेशी एखादी जुनी पेट्रोल जीप फट्‌फट्‌ करत अडली, तर एक शक्यता अशी : पेट्रोल आहे, ठिणगीही पडतेय, पण भलत्याच वेळी.

ठिणगी पडली की सिलिंडरमधलं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग लागतात. धावती एसटी पकडायला ती जवळ येण्याआधीच पळत सुटावं लागतं ना, तसंच हे. पिस्टन माथ्यावर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी हवी. महिंद्रानं मुंबईत जोडलेल्या विलिज जीपमध्ये हे 'थोडं' म्हणजे इंजिनाच्या फेरीचे साधारण ५ अंश.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवताना खरी गोची पुढंच आहे. प्रत्येक चक्रात पिस्टन दोनदा माथ्यावर येतो : एकदा मिश्रण दाबायला, एकदा धूर ढकलायला. इंजिनाच्या पुलीवरची वेळेची खूण दोन्ही वेळा जुळते! म्हणून जुना मिस्त्री पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवतो आणि इंजिन हातानं फिरवतो. हवेनं अंगठा उडवला, की हीच ती दाबायची फेरी. आता खूण जुळवून डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे. बाकीच्या वायरी रोटरच्या दिशेनं १-३-४-२ अशा.

मग क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. चढावर इंजिन टकटक वाजलं तर ठिणगी फार लवकर पडतेय. गाडी ओढत नसेल आणि तापत असेल, तर बहुधा उशिरा.

नव्या गाड्यांत हे सगळं संगणक बघतो. अंगठा काळा होत नाही, एवढंच.