न सांगण्याचं दुखणं

डोकं दुखलं तर माणूस चारचौघांत सांगतो. मूळव्याधीचं मात्र तो घरच्यांनाही सांगत नाही. संस्कृतात या दुखण्याला अर्श म्हणतात. शत्रूसारखं छळतं म्हणून अर्श, अशी फोड जुन्या वैद्यांनी केली आहे. आमच्या घरातला शब्द बवासीर, तो अरबीतून आला. शब्द दोन, कुंथणं एकच!

उपाय पुष्कळसे स्वयंपाकघरातच आहेत. सुरणाचं एक नावच अर्शोघ्न. चिंच किंवा कोकम घालून शिजवला, म्हणजे घसा खवखवत नाही. चरकाने अर्शावर ताकाची महती सांगितली आहे. रात्री त्रिफळा घेण्याची रीत आहे. आणि इसबगोल! हे नाव फारसी. अस्प म्हणजे घोडा, घोल म्हणजे कान. बी तशी दिसते म्हणून. तिचा भुसा पाणी धरून ठेवतो, मळ मऊ होतो. इथे वैद्य, हकीम आणि डॉक्टर तिघांचं एकमत आहे. फक्त वर पाणी भरपूर प्यावं.

भगंदर मात्र अशा उपायांना दाद देत नाही. त्यावर क्षारसूत्र आहे. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप देतात. हा दोरा भगंदराच्या वाटेतून ओवून बांधतात आणि साधारण दर आठवड्याला बदलतात. तो वाट हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के रुग्णांना भगंदर पुन्हा झाला, क्षारसूत्रानंतर ४ टक्के रुग्णांना. बरं व्हायला मात्र ४ ऐवजी ८ आठवडे लागले. हे काम जाणकार वैद्याचंच. बिब्बा किंवा क्षार स्वतःच्या हाताने लावू नये, कातडी भाजते.

आणखी एक. रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच, असं नाही. माझ्या मामूंनी लाजेपायी दोन वर्षं एस.टी. स्टँडजवळच्या पुड्या घेतल्या. तपासणी झाली तेव्हा आतड्याचा कर्करोग पसरलेला होता. वैद्याच्या औषधाने त्यांना दगा दिला नाही. रोग काय आहे हेच कुणी पाहिलं नव्हतं. रक्त जात असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर आधी तपासून घ्या. सुरण मग खाता येईल.