द्राक्षाचा ताळेबंद

निफाड-दिंडोरीच्या बागांत मण्यात पाणी उतरले की बागायतदार रिफ्रॅक्टोमीटर बाहेर काढतो. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि आकडा वाचायचा: 16, 17, 18. रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश अधिक वळतो. एक अंश ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात सुमारे एक ग्रॅम विरघळलेला पदार्थ, त्यात बहुतांश साखर. काढणी आज करायची की आठवडाभर थांबायचे, हे या आकड्यावर ठरते. त्याच भागातल्या शाळेत मात्र द्रव्याची ओळख व्याख्येने होते: जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य. व्याख्या बिनचूक आहे, पण ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न मुलांना अजून पडलेलाच नसतो. द्रव्य, त्यातले बदल आणि ऊर्जा हे तिन्ही विषय आधी मोजावेत आणि व्याख्या त्यानंतर यावी, असे माझे ठाम मत आहे. नाशिक जिल्ह्यात तर त्यासाठी लागणारे सारे हाताशी आहे.

सुरुवात 100 मिली पाण्यापासून करावी. काट्यावर ते 100 ग्रॅम भरते. 20 ब्रिक्सचा गाळलेला द्राक्षरस तेवढाच घेतला तर सुमारे 108 ग्रॅम भरतो. या रसात साडेएकवीस ग्रॅमच्या आसपास साखर आहे; मग वजन 121 का नाही? कारण साखरेने जागा घेतली आणि तेवढ्या पाण्याला भांड्यात जागा उरली नाही. वस्तुमान, आकारमान आणि घनता या तीन शब्दांची गरज इथे मुलांना स्वतःहून भासते. पुढे बेदाणा. 21 ब्रिक्सची चार किलो द्राक्षे सुकवली की साधारण एक किलो बेदाणा मिळतो. चार किलोंत 840 ग्रॅम साखर वगैरे होती, ती बेदाण्यात जवळजवळ तशीच राहते. तीन किलो पाणी हवेत गेले. भौतिक बदल म्हणजे काय, ते या वजाबाकीत दिसते. पण हिशेब इथे थांबत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्मा लागते, म्हणजे तीन किलोंना 7,200. विजेचे एक युनिट 3,600 किलोज्यूलचे असते. तेव्हा किलोभर बेदाण्यामागे कोरड्या वाऱ्याने आणि उन्हाच्या उबेने दोन युनिटांइतकी ऊर्जा खर्च केलेली असते. तीच दोन युनिटे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात तयार करायची तर किलोभराहून जास्त कोळसा जाळावा लागेल, कारण कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर पडतो आणि उरलेली उष्मा धुराड्यातून व थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. ऊर्जा नष्ट होत नाही हे वाक्य पाठ असलेल्या मुलालाही ती वाया कशी जाते, हे या आकड्यांशिवाय उमगत नाही.

रासायनिक बदलासाठी द्राक्षाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. 1789 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात वस्तुमान अक्षय्यतेचे तत्त्व मांडले ते किण्वनाच्याच प्रकरणात. साखर, पाणी, यीस्ट आधी तोलायचे, नंतर मद्यार्क आणि सुटलेला वायू तोलायचा, आणि दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. आजच्या हिशेबाने 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम मद्यार्क आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. बेरीज पुन्हा 180. हाच बदल वाइनरीत होतो. 2000 साली सुला या कंपनीची वाइन बाजारात आली आणि नाशिकच्या परिसरात वाइनरी वाढल्या. तिथल्या पोलादी टाक्या थंड ठेवाव्या लागतात, कारण या बदलात उष्माही बाहेर पडते. शाळेत वाइनचा विषय नको, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्यासाठी वाइनरीत जायची गरजही नाही. बाटलीत 200 मिली कोमट पाणी, 20 ग्रॅम साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून तोंडाला कापसाचा सैल बोळा लावावा (बूच मुळीच नको, वायूच्या दाबाने बाटली फुटेल) आणि रोज वजन करावे. शेजारी यीस्ट न घातलेली तशीच बाटली हवी, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने किती घट झाली ते वेगळे काढता येते. किण्वन पुरे झाले तर पहिली बाटली दुसरीपेक्षा दहा ग्रॅमच्या आसपास हलकी होते. न दिसणाऱ्या वायूलाही वजन असते हे त्या दिवशी पटते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर विज्ञान होत नाही, असे काही शिक्षक म्हणतात. काटा ग्रॅमभर चुकतो हे खरे. मग तीनदा तोलून फरक लिहायला शिकवावे. लाव्हाझिएचेही किण्वनाचे काही आकडे पुढे चुकीचे ठरले, तत्त्व मात्र टिकले. परीक्षेत गुण व्याख्येला मिळतात, हा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पण भौतिक आणि रासायनिक बदलांची यादी घोकलेला मुलगा यादीबाहेरचे उदाहरण आले की अडखळतो; ज्याने वजाबाकी केली आहे तो निदान विचार कुठून सुरू करायचा हे जाणतो. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. काटा किती ते सांगतो, का ते सांगत नाही. अणू-रेणूंची कल्पना शिक्षकालाच समजावून द्यावी लागते.

ऊर्जेच्या बाबतीत तर किती याबरोबर कोणत्या रूपात हेही विचारावे लागते, आणि त्याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यातल्या लासलगावला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये तिथे कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करणारे केंद्र उभारले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून साधारण 60 ग्रे मात्रा पुरते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. साठ ज्यूल म्हणजे किलोभर कांदा सहा मीटर उंचीवरून खाली पडताना मिळणारी ऊर्जा. तेवढ्या उष्मेने कांद्याचे तापमान अंशाच्या पन्नासाव्या भागानेही वाढणार नाही. पण गॅमा किरणांच्या रूपात हीच ऊर्जा कोंबातल्या पेशींच्या डीएनएवर आघात करते आणि त्यांचे विभाजन थांबते. कांद्याचे वजन मात्र त्यानंतरही घटत राहते. उन्हाळ कांदा चैत्रात चाळीत जातो आणि पार आश्विनापर्यंत राहतो. त्यात पाणी किती उडाले आणि श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन किती गेले, हे नुसत्या वजनाने वेगळे करता येत नाही. त्यासाठी कांद्याचा तुकडा वाळवून कोरडे वजनही घ्यावे लागते. चाळीतले पाच-दहा निवडक कांदे आणि एक काटा एवढ्यावर आठवीचा वर्ग हे काम कांदा चाळीत असेपर्यंत करू शकतो.