पत्र्याच्या खोलीतला खोकला

हिंजवडीत नवा टॉवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग लागते. आशा सेविका म्हणून माझं काम त्या रांगेत. बिहार, छत्तीसगड, नांदेडकडची माणसं. एका खोलीत सात-आठ जण, डासांमुळे खिडकी बंद. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, ताट-वाटीतून नाही. म्हणून खिडकीला जाळी ठोका आणि ती उघडी ठेवा, हे मी आधी सांगते. त्यात फरशी कापताना उडणारी धूळ. तिच्यातली सिलिका फुप्फुसात साचली की क्षयाला वाट मिळते. अर्धपोटी माणसाला तर तो लवकर गाठतो.

‘टीबी आहे का?’ विचारलं की सगळे नाही म्हणतात. रोजी बुडेल, मुकादम खोली सोडायला लावील, ही धास्ती. म्हणून मी विचारते, खोकला किती दिवसांचा? संध्याकाळी अंग तापतं का? पँट सैल झाली का? खोकला दोन आठवड्यांवर गेला की बेडका तपासायचाच.

नव्या आशाताईंना माझं कळकळीचं सांगणं आहे, बेडक्याची डबी नुसती हातात देऊ नका. थुंकी नको, छातीतला बेडका हवा. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि उघड्यावर, माणसांपासून लांब जाऊन जोरात खोकायचं. हे करून दाखवा. डबीत लाळच गेली तर आजार असूनही जंतू सापडत नाहीत आणि माणूस निर्धास्त होऊन पुन्हा त्याच खोलीत झोपतो.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट. साधा क्षय सहा महिने रोज गोळ्या घेऊन बरा होतो. लघवी केशरी होईल, हे मात्र आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या सुटतात. मुकादमालाही समजवावं लागतं. आजारी मजुराला हाकलून आजार जात नाही, शेजारी झोपलेले तुमच्याच साइटवर आहेत. त्यांची तपासणी करून घ्या. खोलीत पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करतात.

खरी अडचण पुढेच येते. महिन्याभरात ताप उतरतो, भूक लागते, माणूस पुन्हा स्लॅबवर चढतो. मग साइट संपते आणि ठेकेदार सगळ्यांना चाकणला नाहीतर थेट गुजरातला नेतो. औषध अर्धवट सुटलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, उपचार अवघड होतात. यावर उपाय आहे निक्षय क्रमांकाचा, म्हणजे क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाचा. त्या क्रमांकावर देशातल्या दुसऱ्या जिल्ह्यात उपचार वर्ग करता येतात. मी तो मजुराच्या मोबाइलमध्ये भरते, औषधाच्या कार्डावर ठळक लिहिते आणि गावाकडचा नंबर घेते, कारण साइटवरचं सिम बदलतं. पासबुकही पहिल्याच भेटीत बघते. पोषण आहाराचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, पण खातं बंद असेल तर ते पोचणार कसे?

माझ्या वहीतला एक जण सध्या सुरतेला आहे. तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळाल्या का, हे विचारायला उद्या सकाळी गावाकडे त्याच्या बायकोला फोन करायचा आहे.