हिपॅटायटिस बी : रिपोर्ट चांगला आला, म्हणून गोळी बंद?

गेल्या पावसाळ्यात चाळिशीतला एक टेम्पोचालक ओपीडीत आला. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावर वासना नाही, अंगात त्राण नाही. पाच वर्षांपूर्वी रक्तदान केल्यावर त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले होते. पुढे टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू झाली. ‘‘साहेब, मागच्या रिपोर्टात विषाणू सापडला नाही असं आलं. बरा झालो समजून गोळी सोडली,’’ तो म्हणाला. चार महिन्यांत कावीळ झाली. झाडपाल्याच्या औषधात आणखी दोन आठवडे गेले. आमच्याकडे आला तेव्हा एसजीपीटी हजाराच्या वर होते.

रक्तात विषाणू न सापडणे म्हणजे तो शरीरातून जाणे नव्हे. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याची जनुकीय प्रत दडून राहते. गोळी त्याची वाढ रोखते, ती प्रत पुसत नाही. गोळी अचानक थांबली की विषाणू पुन्हा वाढू लागतो. मग आपलीच रोगप्रतिकारशक्ती बाधित पेशींवर तुटून पडते आणि त्यात यकृत होरपळते. काहींचे यकृत निकामी होऊन जिवावर बेतते.

गोळी कधीच न लागलेल्यांनाही हा धोका असतो. स्टेरॉइडचा दीर्घ वापर, केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारखी औषधे झोपलेला विषाणू जागा करू शकतात. म्हणून असे उपचार घेण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्यावी आणि आजार असल्यास तो डॉक्टरांना सांगावा. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी एसजीपीटी तपासावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा विषाणूचे प्रमाण मोजून घ्यावे. सिरोसिस असेल किंवा घरात कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल, तर सहामाही सोनोग्राफी चुकवू नये. दारू पूर्ण बंद. काही मोजक्या रुग्णांची गोळी थांबवता येते, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो आणि त्यानंतरही तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

घरच्यांची तपासणी करून, गरज असेल त्यांना लस द्यावी. ताट-पेला वेगळा करायची गरज नाही. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे ब्लेड आणि टूथब्रश मात्र वेगळे हवेत.

तो टेम्पोचालक तीन आठवड्यांनी घरी गेला. निघताना त्याच्या बायकोने विचारले, ‘‘गोळी सोडायची नाही, हे आधी का नाही सांगितलं?’’ मी जुना केसपेपर काढून पाहिला. त्यावर माझ्याच अक्षरात एवढेच होते : ‘औषध तेच चालू’. कारण लिहिलेले नव्हते, सांगितल्याचेही आठवेना. आता अशा प्रत्येक केसपेपरवर मी ठळक मराठीत लिहितो, ‘रिपोर्ट चांगला आला तरी विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये’, आणि रुग्णाकडून ते मोठ्याने वाचून घेतो.