रोज मरे त्याला कोण रडे?

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज जरा वेगळी गोष्ट सांगणार आहे. ती शेतीची नाही, पण तुमच्या-माझ्या घरातली आहे.

२०२५ च्या एप्रिल अखेरीस हुमणीच्या बंदोबस्तासाठी सभा घ्यायला मी एका गावी गेलो होतो. सभा बाजूला राहिली. २२ एप्रिलला काश्मीरमध्ये, पहलगामच्या वरच्या अंगाला असलेल्या बैसरणच्या कुरणात अतिरेक्यांनी सहलीला आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. २६ जीव गेले. त्यांत डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे असे आपल्या महाराष्ट्रातले ६ जण होते. बायका-मुलांच्या देखत कर्ते पुरुष मारले गेले. गावात त्या रात्री दुसरा विषय नव्हता. एका घरात तर निराळाच घोर लागला होता. उसाच्या बिलातून पैसे बाजूला ठेवून मुलांनी आई-वडिलांसाठी मे महिन्यात काश्मीरची सहल ठरविली होती. ती त्याच रात्री रद्द झाली. म्हातारी म्हणाली, "पैसे गेले तर जाऊ देत. त्या लेकींचं कसं व्हायचं?"

दीड-दोन महिन्यांनी, पेरणीच्या धामधुमीत, मी पुन्हा त्या गावी गेलो. पारावर सहज पहलगामचा विषय काढला. एक जण तंबाखू मळत म्हणाला, "चालायचंच साहेब. हे काय आजचं आहे का?" आणि बोलणे सोयाबीनच्या बियाण्याकडे वळले.

त्या माणसाला मी दोष देत नाही. पावसाने ओढ दिली होती आणि त्याच्या डोक्यावर पेरणी होती. पण तो "चालायचंच" हा शब्द माझ्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

आपल्याला आठवते का?

आता तुम्हालाच एक प्रश्न विचारतो. ९ जून २०२४ रोजी काय झाले होते? त्या दिवशी जम्मूकडच्या रियासी जिल्ह्यात, शिवखोडीचे दर्शन घेऊन कटऱ्याला निघालेल्या भाविकांच्या बसवर गोळीबार झाला. बस दरीत कोसळून ९ जण दगावले. बैसरणच्या आधी ते वर्षसुद्धा झाले नव्हते. आणखी मागे जाऊ. २ ऑगस्ट २००० रोजी खुद्द पहलगामलाच अमरनाथ यात्रेच्या तळावर हल्ला होऊन तीसच्या आसपास माणसे मेली होती. २०२५ मध्ये पहलगामचे नाव ऐकून किती जणांना ती जुनी गोष्ट आठवली? मलाही आठवली नव्हती. कागदपत्रे चाळताना सापडली.

असे का होते? शेतात बुजगावणे उभे केले की पहिले चार दिवस पाखरे फिरकत नाहीत. मग ती जवळ येतात, आणि पंधरा दिवसांनी त्याच्या डोक्यावर बसून कणसे टिपतात. जिवाचा स्वभावच असा आहे. तेच भय पुन्हा पुन्हा समोर आले की मन त्याची नोंद घेणे सोडून देते. आपल्या वाडवडिलांनी हे फार पूर्वी ओळखले होते. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. फरक इतकाच की बुजगावणे खोटे असते आणि ही बंदूक खरी आहे.

खुंट्यावरचे जनावर

याला दुसरी बाजू आहे, तीही नीट पाहिली पाहिजे. भय विसरल्याशिवाय माणसाचा संसार चालत नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत लागोपाठ ७ स्फोट झाले, १८० हून अधिक लोक मेले. दुसऱ्या दिवशी त्याच गाड्यांना पुन्हा गर्दी होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ लोक गेले. जळालेल्या ताज हॉटेलचा एक भाग महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला पुन्हा उघडला. लोक याला मुंबईची हिंमत म्हणतात. त्यात हिंमत आहेच. पण घरभाडे, मुलांची फी आणि हातावरचे पोटही आहे.

काश्मीरचेही तसेच. पहलगामचा घोडेवाला आणि आपला शेतकरी यांत फारसे अंतर नाही. त्याची सुगी वसंत ऋतूपासून बर्फ पडेपर्यंतची. तेवढ्या दिवसांत वर्षाची बेगमी करायची. सहलीचे लोक आले नाहीत म्हणून घोडा चारा खायचा थांबत नाही. आपला बैल खुंट्यावर उभा असला तरी वैरण लागतेच ना? हल्ल्यानंतर तेथील सरकारने ४८ पर्यटन स्थळे बंद केली. ऐन हंगामात हॉटेले, शिकारे, टॅक्सी, केशर-अक्रोडाची दुकाने ओस पडली. त्या २६ मृतांत एक स्थानिक घोडेवालाही होता, हे विसरू नका. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः बंद पाळून निषेध केला.

पाहुणा येणे बंद झाले तर काय होते, हे त्या खोऱ्याने एकदा भोगले आहे. १९८८ साली तेथे सुमारे सात लाख पर्यटक आले होते. पुढच्या वर्षापासून दहशतवाद बोकाळला आणि दोन वर्षांत तो आकडा काही हजारांवर आला. एक पिढी त्यात वाया गेली. सावरायला फार वर्षे लागली. २०२४ साली जम्मू-काश्मीरला जाणाऱ्यांची संख्या, वैष्णोदेवीचे भाविक धरून, दोन कोटींच्या वर गेली होती. बैसरणच्या गोळ्या या चालू लागलेल्या चुलींवरही झाडलेल्या होत्या.

आपल्यालाही हे नवे नाही. २०२० साली टाळेबंदीत पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता सुना पडला, तेव्हा स्ट्रॉबेरी विकणाऱ्याचे काय झाले, कोकणात घरगुती खाणावळ चालविणाऱ्या ताईंचे काय झाले, ते आपण पाहिले आहे. पाहुण्यावर पोट असणारा माणूस कुठलाही असो, तो आपलाच भाऊबंद.

म्हणून लोक पुन्हा सहलीला निघतात, याचे मला वाईट वाटत नाही. २०२५ च्या जूनपासून काही स्थळे टप्प्याटप्प्याने उघडली. जुलैत अमरनाथची यात्रा सुरू झाली आणि चार लाखांहून अधिक भाविक जाऊन आले. चांगलेच झाले.

धीर वेगळा, निबरपणा वेगळा

पण वाचकहो, धीर आणि निबरपणा यांत गल्लत करू नका. भेंडी वेळेवर तोडली नाही तर निबर होते. दिसते मोठी, पण शिजत नाही. मनाचेही तसेच. धीराचा माणूस धोका ओळखून पाऊल टाकतो. निबर मनाचा माणूस धोका विसरून पाऊल टाकतो. दोघेही त्याच रस्त्याने चाललेले दिसतात, म्हणून आपली फसगत होते.

निबरपणाची किंमत काय असते, ते कापूस पिकविणाऱ्यांना सांगायला नको. बीटी कपाशी आली आणि आपण बोंड फोडून बघायचे सोडले. कामगंध सापळे अडगळीत गेले. बोंडअळी आता येत नाही असे धरून चाललो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वेचणीला आलेला कापूस आतून खाल्ला. अळीने तारीख कळवली नव्हती. पहारा आपण उठविला होता.

बैसरणच्या कुरणात हल्ल्याच्या वेळी बंदोबस्त नव्हता. ही सुरक्षेतली चूक होती, असे जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनीच जुलै २०२५ मध्ये मान्य केले. लोक विचारायचे थांबले की पहारा सैल होतो. मागच्या हल्ल्यात काय चुकले, ते दुरुस्त झाले का, जखमींचे पुढे काय झाले, हे प्रश्न विचारत राहणे हे नागरिकाचे काम आहे. "चालायचंच" म्हटले की हे सगळे प्रश्न एकदम मिटतात, आणि ज्याचे काम चुकले तो सुटतो.

आपण काय करावे?

मी विस्तार अधिकारी, त्यामुळे शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुगीनंतर सहलीला जरूर जा. जाण्यापूर्वी त्या भागाची खबर घ्या आणि सरकारने बंद ठेवलेल्या जागी हट्टाने जाऊ नका. रोजचा मुक्काम घरी कळवा. सोबतच्या म्हाताऱ्या माणसांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हल्ल्याची रक्ताळलेली चित्रे मोबाइलवर पुढे पाठवू नका. त्याने कोणाचे भले होत नाही, उलट पाहणाऱ्याचे मन लवकर निबर होते. लहान मुलांच्या हाती तर ती मुळीच देऊ नका.

हिवाळ्यात शाली विकायला तालुक्याच्या बाजारात येणाऱ्या काश्मिरी माणसावर दुसऱ्याच्या पापाचा राग काढू नका. तोही आपल्यासारखाच घर सोडून पोटामागे आलेला असतो.

आणि वर्षातून एकदा तरी, त्या तारखेला, घरात मुलांसमोर त्या माणसांची आठवण काढा. गावात कोणी आत्महत्या केली, तर पहिल्या शेतकऱ्याच्या वेळी सगळा तालुका धावतो, आणि पुढे पुढे ती बातमी आतल्या पानावर दोन ओळींची होते. हे दुःख आपण जाणतो. आपल्यावर जे आले तसे आपल्या हातून दुसऱ्यावर येऊ नये.

त्या म्हातारा-म्हातारीचे सांगायचे राहिले. दिवाळीनंतर ती दोघे शेवटी काश्मीरला जाऊन आली. पहलगामच्या बाजारात म्हातारीने घोडेवाल्याला विचारले, "बैसरण कोणत्या अंगाला?" त्याने झाडीने भरलेल्या डोंगराकडे हात केला. तिने पायातल्या वहाणा काढल्या, डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि घोडेवाल्याला म्हणाली, "बाबा, तुझ्या घरी सगळी बरी आहेत ना?" तिला हिंदी येत नाही. पण तो समजला, असे ती सांगते.

ती घाबरून घरी बसली नाही आणि विसरूनही गेली नाही. मला जे सांगायचे होते ते एवढेच.