पाळण्यातल्या पायांची पारख

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हटले जाते. अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत दरवर्षी या म्हणीची जाहीर परीक्षा होते. 'ड्राफ्ट' नावाच्या या सोहळ्यात तीस संघ दोन फेऱ्यांत, जास्तीत जास्त साठ नवोदित खेळाडूंची निवड करतात. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याच्या पदरात खेळाडू पडतो. इथे बोली नसते, क्रम असतो. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्यांना आधी संधी मिळावी, हे त्यामागचे तत्त्व. मात्र पहिल्या क्रमांकासाठी कोणी मुद्दाम हरू नये, म्हणून १९८५ पासून अग्रक्रम सोडतीने ठरवले जाऊ लागले.

या निवडीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे. मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. त्यामुळे एका असामान्य खेळाडूने संघाचे भाग्य जितके पालटते, तितके ते अकरा जणांच्या खेळात सहसा पालटत नाही. शिवाय १९९५ पासून पहिल्या फेरीतील नवोदितांचे सुरुवातीचे मानधन निवडीच्या क्रमानुसार बांधून दिलेले आहे. साहजिकच, ज्याची पारख अचूक ठरली, त्या संघाला काही वर्षे मोठा खेळाडू माफक दरात मिळतो. ज्याची चुकली, त्याची तीच वर्षे वाया जातात.

आकडे कसे वाचावेत?

निवडले जाणारे अनेक खेळाडू जेमतेम एकोणीस वर्षांचे असतात. २००६ च्या ड्राफ्टपासून अमेरिकी खेळाडूला शाळा संपल्यावर किमान एक वर्ष थांबणे भाग पडले. म्हणजे पुष्कळदा हाती असतो तो महाविद्यालयीन स्पर्धेचा एकच हंगाम, तीस-पस्तीस सामन्यांचा. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावरून पुढच्या दहा वर्षांचे भाकीत करायचे असते.

म्हणून जाणकार निरीक्षक 'किती गुण केले' यापूर्वी दोन प्रश्न विचारतो : कोणत्या वयात केले आणि कोणासमोर केले? बावीस वर्षांच्या खेळाडूने सामन्याला अठरा गुण केले आणि एकोणीस वर्षांच्यानेही तेवढेच केले, तर ते दोघे सारखे नव्हेत. धाकट्यापुढे वाढीची तीन वर्षे अजून शिल्लक आहेत. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच २०१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. समोर मुरलेले व्यावसायिक खेळाडू होते. तरीही त्याच्या आधी दोन अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंची नावे पुकारली गेली. त्याची चपळाई बेताची आहे, ही शंका त्याच्या आड आली. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला.

दुसरी खबरदारी योगायोगाची. समजा, एखाद्याने हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून १२० वेळा चेंडू फेकला. त्यातील ४८ बास्केटमध्ये गेले तर प्रमाण ४० टक्के, ४० गेले तर ३३ टक्के. पहिल्याला आपण उत्तम नेमबाज म्हणू, दुसऱ्याला सामान्य. पण फरक केवळ आठ चेंडूंचा आहे. म्हणूनच अनेक विश्लेषक फ्री थ्रोचा आकडाही सोबत पाहतात. तिथे अंतर ठरलेले, आडवा येणारा कोणी नाही. हाताची खरी सफाई त्यात अधिक निर्भेळपणे दिसते.

शरीर आणि खेळ

ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी शिबिरात खेळाडूंची उंची, उडी, चपळाई आणि पसरलेल्या दोन हातांची लांबी मोजली जाते. ही मापे निरुपयोगी नाहीत. लांब हातांचा बचावपटू आपल्या उंचीपेक्षा मोठी जागा अडवतो. पण माप म्हणजे खेळ नव्हे. २००७ च्या शिबिरात केव्हिन ड्युरँटला सुमारे ८४ किलोंचा भार छातीवरून एकदाही उचलता आला नाही, याची मोठी चर्चा झाली. तोच ड्युरँट २०१४ मध्ये स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. उलट सर्बियाचा निकोला योकिच स्थूल, मंद आणि फारशी उडी नसलेला म्हणून २०१४ मध्ये थेट ४१ व्या क्रमांकापर्यंत मागे राहिला. त्याची नजर आणि पास देण्याची जाण कोणत्याही मोजपट्टीत मावणारी नव्हती. २०२१, २०२२ आणि २०२४ असे तीनदा तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्याने विजेतेपद मिळवून दिले.

भारतीय वाचकांना इथे सतनाम सिंग आठवेल. पंजाबच्या बल्लो के गावचा हा ७ फूट २ इंच उंचीचा तरुण २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला. ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. मुख्य स्पर्धेत खेळण्याची संधी मात्र त्याला मिळाली नाही. उंचीने दार उघडते, पुढची वाट उंची एकटी चालवू शकत नाही.

शिकवता येण्याजोगे काय?

पारखीचे खरे मर्म या प्रश्नात आहे. कवाय लेनर्ड महाविद्यालयात असताना दूरवरून त्याचे तीसपैकी शंभर टक्के सोडा, शंभरात तीसही चेंडू आत जात नसत. त्याचे रुंद पंजे, लांब हात आणि बचावाची भूक मात्र कोणी शिकवू शकले नसते. २०११ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवड झालेला हा खेळाडू सॅन अँटोनियोने अदलाबदलीत मिळवला, त्याची फेक घडवली, आणि २०१४ च्या अंतिम फेरीचा तो मानकरी ठरला.

गरज पाहून निवडावे की गुण पाहून, हा आणखी एक पेच. १९८४ मध्ये पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर हा मायकल जॉर्डनच्याच जागी खेळणारा तरुण होता. म्हणून त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर उंच सॅम बोवीला पसंती दिली. पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे महाविद्यालयातले दोन हंगाम बुडालेले होते. जॉर्डन शिकागोला मिळाला. संघाची गरज दोन वर्षांत बदलते. गुणांमधली तफावत इतक्या लवकर मिटत नाही.

मात्र फसलेली प्रत्येक निवड ही चुकीची पारख नसते. त्याच पोर्टलंडने २००७ मध्ये ड्युरँटऐवजी ग्रेग ओडेनला पहिला मान दिला, तेव्हा बहुतेक जाणकारांचे मत तसेच होते. गुडघ्यांनी दगा दिला आणि ओडेन अवघे १०५ सामने खेळू शकला. निर्णय आणि निकाल यांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

बीज आणि जमीन

शेवटी, खेळाडू कोणाच्या हाती पडतो यावरही बरेच अवलंबून असते. सर्बियाचा डार्को मिलिचिच २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटने निवडला, तेव्हा त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. पण तो संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि २००४ मध्ये त्याने ते जिंकलेही. अशा संघात नवख्याला चुका करीत शिकायला वेळ कोण देणार? पहिल्या हंगामात सामन्यागणिक पाच मिनिटेही त्याच्या वाट्याला आली नाहीत. त्याच्या मागून निवडले गेलेले कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड मात्र आपापल्या संघांत पहिल्याच वर्षापासून भरपूर खेळले. मिलिचिच त्यांच्या तोडीचा झालाच असता, असे नाही. पण त्याची परीक्षा नीट झाली असेही म्हणता येत नाही.

२०१३ चा ड्राफ्ट हा या साऱ्याचा सारांश ठरावा. पहिला निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत स्पर्धेबाहेर गेला. ग्रीसच्या दुय्यम श्रेणीत खेळणारा अठरा वर्षांचा यानिस आंतेतोकुंपो पंधरावा होता. मिलवॉकीने त्याला धीर धरून वाढवले आणि २०२१ चे विजेतेपद त्याच्याच बळावर मिळवले. निवडीचा क्रम म्हणजे शक्यतांची यादी, गुणपत्रिका नव्हे. यादी चुकते तेव्हा 'फसलेला खेळाडू' हा शिक्का मात्र विशीतल्या मुलाच्या कपाळी बसतो. बेनेटने पहिला क्रमांक मागितला नव्हता; तो त्याला तज्ज्ञांनी दिला होता. भाकीत त्यांचे होते, तेव्हा चुकल्याचा दोषही आधी त्यांच्याच पदरी जायला हवा.