सातबाऱ्यावर नाव, पण परवाना?

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या एका ताईंनी रत्नागिरी शहरात समुद्राजवळ जागा घेतली. गटाच्या कर्जातून जोत्यासाठी चिरेही आणले. सातबाऱ्यावर नाव लागलं की घर बांधता येतं, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही!

पण नगर परिषदेचा बांधकाम परवाना वेगळा. त्याआधी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र बघायचं. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत ते नियम लागतात. खाडीकाठीही लागतात, तिथे पट्टा कमी. म्हणून इसार देण्याआधीच सर्व्हे नंबर घेऊन नगर परिषदेत विचारा. मग मोजणी, वास्तुविशारदाचा नकाशा, अर्ज. परवाना मिळाल्यावर वर्षभरात काम सुरू करा, नाहीतर मुदतवाढ मागा. घर पुरं झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या.

ताईंचे चिरे अजून तिथेच पडून आहेत. हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो.